पाण्याचा इंजिनिअर आणि आपला कारखाना



दरवर्षी बारावीचा निकाल लागला आणि सीईटीचे मार्क हाती आले, की आपल्या कारखान्याच्या ऑफिसात एक वेगळीच वर्दळ सुरू होते. एरवी ऊसबिल, तोडीची तारीख नाही तर शेअरची साखर एवढ्यासाठी येणारे सभासद त्या आठ-पंधरा दिवसांत पोराचा किंवा पोरीचा कागद घेऊन येतात आणि विचारतात, "कुठल्या लायनीला घालावं हो?" आम्हीही आमच्या अकलेप्रमाणे सांगतो. कोणी कॉम्प्युटर म्हणतो, कोणी मेकॅनिकल म्हणतो, कोणी सिव्हिल.

काही वर्षांपूर्वी असेच एक जुने सभासद आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "पोरगी पर्यावरण इंजिनिअरिंगला जाते म्हणते. चार वर्षं फी भरून झाडं लावायला शिकवणार काय तिला?" ऑफिसातले सारे हसले. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो.

तीच मुलगी शेवटच्या वर्षाला असताना प्रोजेक्टसाठी आपल्याच कारखान्यात आली. गळीत ऐन भरात होते. गव्हाणीपासून ओढ्याच्या मुखापर्यंत दोन दिवस तिच्याबरोबर आम्ही फिरलो. तिने विचारलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आम्हांला देता आली नाहीत. त्या दिवशीच्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहोत. ही मुले नेमके काय शिकतात आणि त्याचा तुमच्या-आमच्याशी काय संबंध, एवढेच सांगायचे आहे.

पहिली गोष्ट, हा अभ्यास झाडे लावण्याचा नव्हे. वृक्षारोपण चांगलेच आहे, पण त्याला चार वर्षे लागत नाहीत. ही विद्या मुळात सार्वजनिक आरोग्याची. गावाला शुद्ध पाणी कसे पुरवावे आणि गावाची घाण कशी काढावी, यातून ती जन्मली. १८५८ साली लंडनमध्ये थेम्स नदीची इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटलाही काम करणे मुश्कील झाले. मग जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअराने शहराखालून भुयारी गटारांचे जाळे बांधले. आपल्याकडे १९५८ साली नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. १९७४ साली तिचे नाव बदलले आणि आज ती 'नीरी' म्हणून ओळखली जाते. नाव बदलले कारण काम वाढले. नळ आणि गटार यांच्या जोडीला कारखान्याचे पाणी, धुराडे, कचरा, जमीन हे सारेच आले.

पहिल्या वर्षी ही मुले इतर इंजिनिअरांसारखीच गणित, भौतिक, रसायन आणि ड्रॉइंग करतात. पुढे पाण्याच्या प्रवाहाचे शास्त्र, सर्व्हे, पाण्याचे रसायन आणि जिवाणूशास्त्र येते. त्यानंतर जलशुद्धीकरण, सांडपाणी, हवेचे प्रदूषण, घनकचरा, भूजल, कारखान्यांचे सांडपाणी, कायदा, प्रकल्पाचा पर्यावरणावरील परिणाम आणि शेवटी खर्चाचा हिशेब. वाचताना ही नावे कोरडी वाटतात. पण आपल्या आवारात फिरताना ती कशी जिवंत होतात ते आम्ही पाहिले.

मुलीने पहिल्याच सकाळी वही काढून एका टन उसाचा जमाखर्च मांडला. "काका, आम्हांला पहिला धडा हाच. काहीही नाहीसं होत नाही. आत आलेलं सगळं कुठून तरी बाहेर पडतंच." एक टन ऊस गव्हाणीत पडला. त्यात ७०० किलोच्या आसपास नुसते पाणी. बाहेर पडताना २८० ते ३०० किलो ओला बगॅस, ३५ ते ४० किलो प्रेसमड, ४० ते ४५ किलो मळी आणि चांगली रिकव्हरी असेल तर ११० किलोच्या आसपास साखर. पाच हजार टन गाळप करणारा कारखाना दिवसाला उसातूनच ३५ लाख लिटर पाणी आत घेतो. "मग तुम्ही नदीतून आणखी पाणी का उचलता?" असे तिने विचारले, तेव्हा बरोबरचे आमचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. २०१६ च्या नियमाप्रमाणे साखर कारखान्याने टनामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी सोडायचे नाही. म्हणजे पाच हजार टनाला दहा लाख लिटर. कोणता पंप गळतो, कुठे फरशी धुताना नळ चालू राहतो, कुठे रस सांडतो, हे पाहणे हा त्या मुलांच्या अभ्यासाचाच भाग आहे. सांडलेला रस म्हणजे सांडलेली साखर, हे आपल्या चीफ केमिस्टलाही पटते आणि पर्यावरणाच्या इंजिनिअरलाही.

आता दुसरा धडा. तुम्हां-आम्हांला ब्रिक्स आणि पोल ठाऊक आहे. रस किती गोड, हे त्यावरून कळते आणि त्यावर आपला दर ठरतो. तसाच घाण पाण्याचा एक आकडा असतो, त्याला बीओडी म्हणतात. पाण्यातली घाण खाऊन संपवताना जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, ते माप. काचेच्या बुचाच्या बाटलीत पाणी भरतात, सुरुवातीचा प्राणवायू मोजतात, बाटली २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवतात आणि पुन्हा मोजतात. जेवढा कमी झाला तेवढी जिवाणूंची भूक. साखर कारखान्याचे न शुद्ध केलेले पाणी एका लिटरला हजार ते दीड हजार मिलिग्रॅमच्या घरात जाते. नदीत सोडायचे तर ते ३० वर आणायला हवे, जमिनीवर सोडायचे तर १०० वर.

हे आणायचे कसे? तर जिवाणू पाळून. ईटीपीच्या हवेच्या टाकीत जो तपकिरी गाळ घुसळत असतो, तो गाळ म्हणजे घाण नव्हे, ती गोठ्यातली जनावरे आहेत असे समजा. त्यांना हवा लागते आणि खाद्यही संतुलित लागते. साखरेच्या पाण्यात गोडी भरपूर, पण नत्र आणि स्फुरद कमी. म्हणून त्या टाकीत युरिया आणि डीएपी टाकावे लागते. हे ऐकून आमच्याबरोबरचा एक सभासद म्हणाला, "म्हंजे उसागतच की!" अगदी बरोबर. मुले पुस्तकात हे प्रमाण शिकतात. घाण शंभर, तर नत्र पाच आणि स्फुरद एक. हंगामाच्या आधी टाकीत शेण कालवून जिवाणूंचे विरजण लावतात, तेही यातलेच. आणि रात्रपाळीला वीज वाचवायची म्हणून कोणी हवेचे ब्लोअर बंद केले, तर सकाळी गोठ्यातली जनावरे मेलेली असतात. ती परत उभी राहायला दिवसच्या दिवस लागतात, तोवर पाणी तसेच ओढ्याला. असे आपल्याकडे कधी झाले का, हे मुलीने विचारले. ऑपरेटरने आमच्याकडे पाहिले. आम्ही जमिनीकडे पाहिले.

तिसरा धडा आम्हांला सर्वांत जास्त बोचला, म्हणून तो सविस्तर सांगतो.

काही हंगामांपूर्वी आपल्या ओढ्याच्या खालच्या अंगाला, नदीवरच्या दुसऱ्या बंधाऱ्यापाशी मासे मरून वर आले होते. त्या गावची माणसे कारखान्यावर आली. आपल्या लोकांनी त्यांना ओढ्याच्या मुखाशी नेले आणि दाखवले, की पाहा, इथे पाणी बरे आहे, इथे मासे पोहत आहेत, मग तुमच्या गावात मेले त्याला आम्ही काय करावे? आम्ही ते याच पत्रिकेत छापले. 'तक्रारीत तथ्य नाही' असे आमचे शब्द होते.

मुलीने वहीत एक वाकडी रेघ काढून दाखवली. १९२५ साली अमेरिकेत ओहायो नदीचा अभ्यास करून स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी हे गणित मांडले. जगभर पर्यावरणाच्या मुलांना ते शिकवतात. घाण नदीत पडली की लगेच प्राणवायू संपत नाही. जिवाणू हळूहळू खायला लागतात, पाणी पुढे वाहत असते आणि प्राणवायू उतरत जातो. वरून हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळत असतो, पण तो पुरा पडत नाही. म्हणून सर्वांत वाईट जागा घाण सोडतात तिथे नसते, ती खाली काही अंतरावर असते. तिथून पुढे नदी सावरते. उन्हाळा असेल तर कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. बंधाऱ्याला बरगे घातलेले असतील तर पाणी तुंबते, खळखळ थांबते आणि हवा मिसळणे आणखी घटते.

रेघेचा सर्वांत खालचा बिंदू दाखवून ती म्हणाली, "काका, तुमच्या मुखापाशी मासे जिवंत होते म्हणूनच काही सिद्ध होत नाही. ते मरतात ते इथं."

सभासदहो, तो बिंदू त्या गावाच्या बंधाऱ्याच्या आसपास पडत होता. ते पाणी नक्की आपलेच होते, की वरच्या गावांच्या गटारांचेही होते, हे आज सांगता येणार नाही. त्या वेळी मोजलेच नव्हते. पण आम्ही जे कारण देऊन त्या माणसांना परत पाठवले, ते कारण खोटे होते. आम्ही ते जाणूनबुजून दिले नाही, अज्ञानाने दिले. पण ज्याच्या विहिरीचे पाणी बिघडते त्याला या फरकाचा काय उपयोग? आणि गंमत अशी, की त्या खालच्या गावातही आपले सभासद आहेत. तेच आपल्याला ऊस घालतात, तेच आपले मालक आणि तेच आपले पाणी पितात. पंचगंगेच्या काठी २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, ती या भागातले कोणीही विसरलेले नाही. पाण्यात काय मिसळते हे वेळेवर पाहणारा माणूस असणे म्हणजे काय, हे तेव्हा कळते.

याखेरीजही ही मुले पुष्कळ शिकतात. भूजलाच्या विषयात जमिनीखालून पाणी कसे आणि किती वेगाने सरकते हे असते. अस्तर न केलेल्या लगूनमधले पाणी दोन वर्षांनी कोणत्या विहिरीत उतरेल, हे त्यातून अजमावता येते. क्षार किती झाले की जमीन दूध पाजूनही पिकत नाही, हेही असते. आपल्या नदीकाठच्या क्षारपड रानांचे दुखणे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. हवेच्या विषयात बॉयलरच्या धुराड्यातली काजळी कशी पकडावी, वारा कोणत्या दिशेला असताना ती कोणाच्या अंगणातल्या वाळवणावर पडेल, याचे गणित असते. कायद्याच्या विषयात १९७४ चा पाण्याचा कायदा, १९८१ चा हवेचा कायदा आणि १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा.

आता काही सभासद म्हणतील, हे सारे ठीक, पण ईटीपीवरचा खर्च शेवटी आमच्या दरातूनच जाणार ना? प्रश्न रास्त आहे. आम्ही तो टाळणार नाही. त्यासाठी डिस्टिलरीचाच हिशेब मांडू.

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. त्याची बीओडी लिटरला ४० ते ६० हजार मिलिग्रॅम असते. स्वच्छ नदीच्या एका लिटर पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. म्हणजे एक लिटर स्पेंटवॉश सहा हजार लिटर नदीचा श्वास घेऊन जातो. रोज ३० हजार लिटर अल्कोहोलची लहानशी डिस्टिलरी धरा. दहाच्या हिशेबाने तीन लाख लिटर स्पेंटवॉश, म्हणजे तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहराच्या सांडपाण्याइतका भार. म्हणूनच २००३ साली डिस्टिलऱ्यांना सांगितले गेले, की २००५ च्या अखेरीपर्यंत नदीनाल्यात थेंबही सोडायचा नाही.

पण तोच स्पेंटवॉश बंद टाकीत कुजवला तर बायोगॅस देतो. आपल्या गोबरगॅसचाच तो थोरला भाऊ. प्रेसमडवर शिंपडून नीट कुजवला तर कंपोस्ट होते. आटवून बॉयलरमध्ये जाळला तर राखेत पोटॅश उरतो. या मळीच्या पोटॅशला २०२१ पासून केंद्राच्या खत अनुदानातही जागा मिळाली. जो पोटॅश आपण परदेशातून आणतो आणि दुकानातून गोणीने घेतो, तो आपल्याच उसाने आपल्याच रानातून उचललेला असतो. तो ओढ्यात सोडायचा की रानात परत न्यायचा, एवढाच प्रश्न आहे. सगळा खर्च यातून निघतो असे आम्ही म्हणत नाही. काही खर्च अंगावर पडतोच. पण प्रदूषण मंडळाची बंदची नोटीस ऐन हंगामात आली आणि ऊस रानात वाळत उभा राहिला, तर जो तोटा होईल तोही दरातूनच जाणार आहे. तो कोणी धरत नाही.

ज्यांना आपल्या मुलामुलींना या वाटेने पाठवायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. कोल्हापुरात केआयटीमध्ये हा विषय पदवीला शिकवला गेला आहे. सिव्हिलची किंवा तत्सम पदवी घेऊन पुढे दोन वर्षांचे एम.टेक. करण्याचीही वाट आहे. त्यासाठी मुंबईत पवईची आयआयटी आणि व्हीजेटीआय, नागपुरात व्हीएनआयटी अशी ठिकाणे आहेत. २०२१ पासून गेट परीक्षेत या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आहे. नोकरी दारात येऊन उभी राहते असे आम्ही सांगणार नाही. पगार कॉम्प्युटरवाल्यांइतका मिळेलच असेही नाही. पण प्रत्येक साखर कारखान्याला, डिस्टिलरीला, नगरपालिकेला आणि पाणी योजनेला या माणसाची गरज आहे. गरज आहे, पण जागा पुष्कळदा भरलेली नसते, नाही तर कागदोपत्री भरलेली असते. हे दुखणे कॉलेजचे नव्हे, आपले आहे.

त्या मुलीने जाताना आम्हांला एक प्रश्न विचारला. "काका, आपल्या कारखान्यात रिकव्हरी पाव टक्का उतरली, तर किती माणसं जागी होतात?" आम्ही म्हणालो, रात्री दोन वाजता एम.डी.सुद्धा उठून येतात. "आणि बीओडी तिप्पट झाला तर?" आम्ही काही बोललो नाही.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवत आहोत.

एक, ईटीपी आणि डिस्टिलरीच्या पाण्यासाठी या विषयात शिकलेला पूर्णवेळ इंजिनिअर नेमावा. त्याचा मान चीफ केमिस्टच्या बरोबरीचा असावा. पाणी बिघडले आहे असे त्याने लिहिले, तर सोडणे थांबवण्याचा अधिकार त्याला असावा. नुसता सहीपुरता माणूस नको.

दोन, ह्या पत्रिकेत गाळप आणि रिकव्हरीचे आकडे छापतो, त्याच पानावर सांडपाण्याचे आकडे छापावेत. टनामागे किती लिटर सोडले, बीओडी किती होता, ओढ्याच्या मुखाशी किती आणि खालच्या बंधाऱ्यावर किती. चांगले असोत वा वाईट. वाईट आकडे लपवले तर मासे लपत नाहीत.

तीन, हे शिक्षण घेणाऱ्या सभासदांच्या मुलामुलींना आपल्या कारखान्यात प्रोजेक्टसाठी मोकळा प्रवेश द्यावा आणि त्यांनी काढलेली चूक संचालक मंडळापुढे वाचली जावी. बाहेरच्या अधिकाऱ्याला आपण चहा पाजून वाटेला लावू शकतो. आपल्याच सभासदाच्या लेकीला तसे लावता येत नाही आणि लावूही नये.

आणि खालच्या गावच्या सभासद बांधवांना आमचे सांगणे आहे. 'तक्रारीत तथ्य नाही' हे शब्द आम्ही याच पत्रिकेत, याच जागेवर लिहिले होते. याच जागेवरून ते परत घेत आहोत. पुढच्या सभेला तुम्ही तुमच्या बंधाऱ्याच्या पाण्याची बाटली घेऊन या. ती तीन दिवस २७ अंशांवर ठेवू, आणि जो आकडा येईल तो छापू.

आपला, संपादक मंडळ
जय सहकार!